उताराला लावलेली पाणसळ

कारखान्यात माझी ख्याती एकाच गोष्टीसाठी होती, आणि ती फारशी प्रेमळ नव्हती. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी कशावरही सही करत नसे. आमच्या गुणवत्ता विभागातले इतर तपासनीस पेटीतले चार भाग पाहून बाकीचे पास करत. मी पेटी उपडी करायला लावायची. वर्कशॉपमधले लोक माझ्या टेबलाला 'टोल नाका' म्हणत. बरीच वर्षं मला ते कौतुक वाटत होतं.

घरी मी वेगळी नव्हते. मुलगी पहिल्यांदा सायकलवर बसली तेव्हा मी चाकाला डायल गेज लावला होता. डायल गेज म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवणारं घड्याळासारखं यंत्र. ती सहा वर्षांची होती. बराच वेळ सीटवर बसून राहिली आणि मग म्हणाली, "आई, अंधार पडतोय." चाक एका बाजूला झुकत होतं, हे मला आजही नमूद करावंसं वाटतं.

पुढे तिने ज्या प्रकारची सायकल धरली, तिला झुकणं वगैरे दोष लावण्यात अर्थ नव्हता. कॉलेजच्या पहिल्या वर्षात तिने कुणाकडून तरी जुनी डाउनहिल सायकल आणली. पुढचा फोर्क स्कूटरसारखा जाड, मागे स्प्रिंग, टायरला ट्रॅक्टरसारख्या गाठी. मी ती वजनकाट्यावर ठेवून पाहिली आणि विचारलं, "एवढ्या ओझ्याने चढ कसा चढणार?"

"चढायचाच नाही. ढकलत वर न्यायची. फक्त उतरायचं."

माझा नवरा मंडीदीपच्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. तिथे माणसाला कशाचंच आश्चर्य वाटेनासं होतं. तो पेपरातून मान वर न करता म्हणाला, "चढताना हमाली आणि उतरताना देवाचं नाव. यात सायकल चालवतात कधी?"

आमची टाउनशिप जुनी आहे. माझे वडील सरकारी दप्तराबरोबर नागपूरहून टी. टी. नगरात आले, तेव्हापासून आम्ही भोपाळचे. मी नोकरीला लागले त्या काळात इथे क्वार्टर मिळायला वाट पाहावी लागे. आता भरती आटली. लोक निवृत्त होऊन शाहपुऱ्याकडे फ्लॅटमध्ये गेले आणि पाण्याच्या टाकीमागचे ब्लॉक रिकामे पडले. दारं-खिडक्या गेल्या, बाभळी आल्या. टाकी टेकाडावर, खाली जुनं खेळाचं मैदान, आणि मध्ये कुणाच्याच कामाचा नसलेला उतार. मुलीने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी तो उतार ताब्यात घेतला.

शहराबाहेर केरव्याकडच्या टेकड्यांत मुलं सायकली उडवत. या तिघीही तिकडे दोनदा जाऊन आल्या होत्या. तिथल्या मुलांनी अगदी अदबीने त्यांना उडी टाळून जाणारी बाजूची वाट दाखवली. "दीदी, आप लोग इधर से निकल जाना." तेवढ्यावरून या तिघींनी घरच्या उतारावर स्वतः फावडं चालवलं. तीन वळणं काढली आणि शेवटी उडी बांधली. मातीचा आणि फळ्यांचा कट्टा, उंची आमच्या स्वयंपाकाच्या ओट्याएवढी. सायकल कट्ट्यावरून हवेत जाते आणि खाली जमिनीवर उतरते. हिवाळ्यानंतर डोंगरात एक स्पर्धा होती, तिथे मुलींचा वेगळा गट होणार होता, आणि त्या मार्गावर उडी टाळणारी बाजूची वाट नव्हती. म्हणून ही उडी रोज करायची होती. तिघींना दुसरी जागा नव्हती.

मी रोज संध्याकाळी त्यांच्याबरोबर जाऊ लागले. आधी टायरमधली हवा मोजायची, मग ब्रेक, मग हेल्मेटचा पट्टा. त्या वर गेल्या की माझं काम संपे. थंडीत मुलीने मलाही खालच्या दोन वळणांवरून उतरवलं होतं, उडीच्या अलीकडे थांबवून. मी आयुष्यभर कारखान्यात सायकलनेच गेले आहे, त्यामुळे तोल होता. तीन मुली टाळ्या वाजवत होत्या आणि मला वाटलं, हा खेळ मला समजला.

जानेवारीत संध्याकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनी तक्रार केली. मुली उडीच्या आधी 'आ रही हूँ' असं ओरडतात, ते त्यांना खुपत होतं. शिवाय कुणाचं हाड मोडलं तर जबाबदार कोण, हा प्रश्न होताच. नगर प्रशासनाचे अधिकारी स्वतः माझ्या टेबलाशी आले. बसले, चहा घेतला, आणि म्हणाले, "मैडम, पूरी टाउनशिप जानती है, आप बिना देखे साइन नहीं करतीं. आप देखकर लिख दीजिए कि सेफ है, मैं फ़ाइल बंद कर दूँगा. नहीं तो सोमवार को जेसीबी भेजनी पड़ेगी. सब प्लेन करवा दूँगा."

घरी हे सांगितलं तेव्हा मुलगी खुशीत आली. "मग लिही ना. हो गया."

"पाहिल्याशिवाय?"

"आई, तू वर्षभर तिथे उभी असतेस."

"मी उभी असते. पाहत नाही."

हे मी सहज बोलून गेले. नवऱ्याने पेपर खाली केला. खरं होतं ते. मुलगी तिसऱ्या वळणावर आली की मी टाकीकडे तोंड करत असे. टाकीच्या पोटावरची गळतीची रेघ मला इतकी पाठ होती की मी ती कागदावर काढून दाखवली असती. मागून आधी 'आ रही हूँ', मग काही नाही, मग टायरचा आवाज ऐकू येई. त्या 'काही नाही'च्या वेळात मी रेघ पाहायची.

"वा," नवरा म्हणाला. "टोल नाका आणि बॅरियर वर."

तर मी ठरवलं, रीतसर तपासणी करायची. मुलींच्या परीक्षा शुक्रवार-शनिवारी होत्या, म्हणजे उतार रिकामा. शनिवारी मी टेप, कोनमापक आणि पाणसळ घेऊन गेले. पाणसळ माझी स्वतःची, फूटभर लांब. काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध आला की जागा सपाट, एवढी साधी गोष्ट. मोठ्या यंत्रांच्या बैठका सपाट आहेत की नाहीत हे पाहण्यात माझी निम्मी नोकरी गेली. बुडबुडा मध्ये दिसला की मला आजही बरं वाटतं.

वळणं बरी होती. बाहेरच्या कडेला माती चढवून ती आत कललेली होती. वेगासाठी तसं लागतं हे मला माहीत होतं आणि मी मोठ्या मनाने मान्य केलं. कट्टा मजबूत होता. मग मी कट्ट्याखालच्या जमिनीवर पाणसळ ठेवली आणि बुडबुडा नळीच्या टोकाला जाऊन चिकटला. कोन जवळजवळ पंचवीस अंश. पोरगी ओट्याएवढ्या उंचीवरून खाली येते, आणि जिथे उतरते ती जमीनही सपाट नाही, पुन्हा खाली पळतेय. मला वाटलं, सापडलं. एवढा ढोबळ दोष, आणि तिघी शिकलेल्या मुली.

मी नवऱ्याला बोलावलं. वरची बाजू खणली, निघालेली माती खालच्या बाजूला भरली, पलीकडच्या ढिगातला मुरूम आणून टाकला, धुम्मसाने ठोकला. घमेली नवरा वाहत होता. एकदा तो घाम पुसत म्हणाला, "मुलींना विचारलंस का?"

"परीक्षा आहे. आणि यात विचारायचं काय? उंचावरून उतरणाऱ्याला सपाट जमीन बरी की कललेली?"

"मला काय कळतं. मी खरेदीतला." आणि तो पुढचं घमेलं आणायला गेला.

संध्याकाळपर्यंत एक सुरेख चौथरा तयार झाला. मी पाणसळ उभी ठेवली, आडवी ठेवली, तिरकी ठेवली. बुडबुडा जागचा हलला नाही. तिथे एखादं जनित्र बसवलं असतं तरी चाललं असतं.

आता राहिली चाचणी. चाचणीशिवाय सही नाही. आणि ज्या जागेची चाचणी झाली नाही तिथे मुलीला पाठवायचं नाही, हेही उघड होतं. म्हणजे चाचणी कुणी घ्यायची, हा प्रश्न उरलाच नाही. हा विचार मला तेव्हा इतका सरळ वाटला की आजही त्याची मांडणी मी चुकीची म्हणू शकत नाही.

रविवारी सकाळी मुलगी गाढ झोपली होती. मी बाल्कनीतून तिची सायकल काढली, ओढणी घरी ठेवली, सलवारीवर गुडघ्याची कवचं बांधली. तोंडही झाकणारं ते हेल्मेट घातलं. आरशात मी अंतराळात निघालेल्या भाजीवालीसारखी दिसत होते. नवरा चहाचा थर्मास घेऊन खाली उभा राहिला. त्याने एकदाच विचारलं, "नक्की?" मी हवेचा दाब पुन्हा मोजला, यातच उत्तर होतं.

पहिल्या वळणाबद्दल मला काही सांगायचं आहे. सायकल सोडली की आधी भीती वाटते, मग एका ठिकाणी ती मागे राहते. मुलीने शिकवलं होतं, चाकाकडे बघू नको, जिथे जायचंय तिथे बघ. मी बघितलं आणि खरोखर तिथे गेले. वळणाच्या कलत्या मातीने सायकल हातात धरल्यासारखी फिरवली. बाभळी बाजूने पळत होत्या, गार वारा हेल्मेटमध्ये शिरत होता, आणि माझ्या डोक्यात एकही आकडा नव्हता. असं शेवटचं कधी झालं होतं ते मला आठवत नाही. तिसऱ्या वळणावर मी 'आ रही हूँ' असं ओरडले. कुणीही वाटेत नव्हतं. ओरडावंसं वाटलं.

मग कट्टा संपला.

हवेत मी थोडाच वेळ होते. तेवढ्यात समोर माझा चौथरा दिसला, अगदी समतल. दोन्ही चाकं एकदम आपटली. कुठेही पुढे निसटायला जागा नव्हती, सगळा दणका सायकलने घेतला, तिने जमेल तेवढा पचवला आणि उरलेला मला दिला. हँडल सुटलं. मी उजव्या हातावर पडले आणि हातात वाळकी काडी मोडल्यासारखा आवाज झाला.

नवरा धावत आला. मी पडल्या पडल्या पाहिलं, पाणसळ चौथऱ्याच्या कडेला कालचीच पडून होती. बुडबुडा मधोमध.

टाउनशिपच्या दवाखान्यात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टर झालं. मुलगी तिथे पोचली ती रडवेली. माझ्या हाताला धरून बसली. मी कसं कसं झालं ते सांगितलं, आणि सांगता सांगता तिचा चेहरा बदलत गेला.

"एक मिनट. लँडिंग कुठे गेलं?"

"सपाट केलं."

"सपाट? का?"

"सुरक्षिततेसाठी."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचू लागला. "बाबा, तुम्ही पण?"

"मी फक्त घमेली वाहिली."

ती हसली, मग पुन्हा रडली, आणि मग मला समजावण्याचा प्रयत्न तिने केलाच नाही. "तुला सांगून पटणार नाही. जाने दे." दुपारपर्यंत बातमी सगळ्या सेक्टरात पोचली होती. बातमी अशी होती की मुलींच्या उडीने एका मॅडमचा हात मोडला. आम्ही घरी पोचतो तोच अधिकाऱ्यांचा फोन आला, आवाजात खरी काळजी होती. "मैडम, आप आराम कीजिए. कल सुबह जेसीबी आ जाएगी." मुलगी शेजारी उभी होती. तिने ऐकलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

जेवायला पुऱ्या करायच्या ठरल्या होत्या, कणीक आधीच भिजवलेली होती, आणि वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही. नवरा तळायला उभा राहिला. मी खुर्चीत बसून सूचना देत होते. त्याने पुरी लाटली आणि कढईच्या वर धरून वरून टाकली. तेल उडालं.

"अहो, अशी नाही. आपटू नका. कडेने सोडा. तेलात घसरू द्या."

त्याने दुसरी पुन्हा तशीच टाकली. तो मागे सरला, मी ओरडले, "सपाट नका टाकू. तिरकी धरा, घसरत आत जाऊ दे, म्हणजे तेल उडणार नाही."

आणि मग माझं बोलणं मलाच ऐकू आलं. नवरा झारा हातात धरून माझ्याकडे पाहत राहिला. त्याचं तोंड हळूहळू रुंद होत गेलं.

"पुढे बोला मॅडम," तो म्हणाला. "पंचवीस अंशात सोडू?"

मी डाव्या हाताने मुलीच्या दारावर टकटक केली. आत ती पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. मी म्हटलं, जमीन खाली पळत असेल तर पडण्याचा जोर पुढे जाण्यात जातो. सपाट असेल तर सगळा हाडात जातो. ती म्हणाली, हो. मी म्हटलं, हे मला अकरावीत येत होतं, कलत्या पाटावरचा जोर, दोन घटकांत विभागणी. ती म्हणाली, "पता है. तूच मला शिकवलं होतंस." जरा थांबून तिने विचारलं, "पुऱ्या जळतायत का?"

संध्याकाळी तिन्ही मुली आणि नवरा टेकाडावर गेले. कालचा सगळा मुरूम आज पुन्हा काढायचा होता, आणि घमेली पुन्हा त्याच्याच वाट्याला आली. मी दगडावर बसून होते. माझ्या हातात कोनमापक होता, पण मला कुणी काही विचारत नव्हतं. एका मैत्रिणीने जाता जाता विचारलं, "आंटी, ढलान ठीक है ना?" मी म्हटलं, तुम्हाला माहीत. हे दोन शब्द मी नोकरीत कधी उच्चारले नव्हते.

सोमवारी सकाळी जेसीबी मैदानाच्या कडेला उभी होती. अधिकारी आले. माझ्या प्लास्टरकडे पाहून त्यांनी हात जोडले.

"मैडम, आप क्यों आईं?"

"मी तपासणी अर्धी सोडली होती," मी म्हटलं, आणि मग हिंदीत सगळं सांगितलं. ढाळ मुळात बरोबर होता, तो मी सपाट केला, म्हणून हात मोडला. दोष उताराचा नाही, तपासनिसाचा आहे. ते गोंधळले. इतक्या वर्षांत मी माझ्याच विरुद्ध शेरा देईन अशी त्यांची कल्पना नसावी. मग मी पुरीचं सांगितलं. हे मात्र त्यांना लगेच कळलं. "हाँ, हाँ, किनारे से छोड़ते हैं," ते म्हणाले, आणि जेसीबीवाल्यानेही मान हलवली.

"पर अब इसकी जाँच किसने की? आपका तो हाथ..."

माझाच नियम माझ्यासमोर उभा होता. मी मुलीकडे पाहिलं. ती आधीच हेल्मेट घालून टाकीशी पोचली होती.

मी कट्ट्याच्या बाजूला, उडी स्वच्छ दिसेल अशा ठिकाणी उभी राहिले. हवा तपासली नव्हती, एका हाताने जमलं नव्हतं. ती सुटली. पहिलं वळण, दुसरं. तिसऱ्या वळणावर माझी मान सवयीने टाकीकडे वळू लागली. गळतीची रेघ जागेवर होती. मी मान परत आणली. मागून नवरा हळूच म्हणाला, "बघ."

"आ रही हूँ."

ती कट्ट्यावरून सुटली आणि मी तिला पाहिलं. गुडघे वाकलेले, कोपर बाहेर, नजर खाली नाही, पुढे, मैदानाच्या पलीकडे कुठेतरी. मला वाटायचं त्या वेळात सगळं हातातून गेलेलं असतं. तसं अजिबात नव्हतं. ती तिथे कामात होती. हवेत असताना तिने सायकलचं तोंड किंचित खाली केलं, उताराच्या कोनात, जशी मी कढईच्या कडेला पुरी धरते. चाकं टेकली तेव्हा आवाज जवळजवळ आलाच नाही. ती मैदानात लांबवर गेली आणि वळून थांबली. माझ्याकडे पाहत होती. मी कुठे पाहतेय ते तिला बघायचं होतं.

मी डावा हात वर केला.

अधिकाऱ्यांनी कागद पुढे केला. पेन डाव्या हातात धरून मी सही करून पाहिली, ती कुणाच्या तरी दुसऱ्याच बाईची दिसत होती. मी म्हटलं, ही सही माझ्या नोंदलेल्या सहीशी जुळणार नाही, असा कागद मी स्वतः परत पाठवते. ते थकले होते. खिशातून त्यांनी शिक्क्याचं निळं पॅड काढलं.

"मैडम, अंगूठा लगा दीजिए."

मी डाव्या अंगठ्याचा ठसा दिला. जेसीबी आवाज करत मागे फिरली. नवरा माझ्या निळ्या अंगठ्याकडे पाहत म्हणाला, "इतकं शिकून शेवटी अंगठाच."

घरी जाताना मुलगी सायकल ढकलत माझ्या बाजूने चालत होती. प्लास्टर कधी निघणार, तिने विचारलं. मी सांगितलं.

"मग तोपर्यंत लँडिंग आणखी लांब करून ठेवते," ती म्हणाली. "तुझ्यासाठी."

नवऱ्याने घमेलं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.